उरलेल्या उबेचं काय करायचं

उष्णतेचं काय काय करता येईल, हे मला नोकरीभर लोकांनी सांगितलं. बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, पानठेलेवाल्यानं सांगितलं, माझ्या साळ्यानं तर लग्नाच्या पंगतीत वाढपी थांबवून सांगितलं. तुम्हाला या उष्णतेचा किती कंटाळा आलाय, असं मात्र कोणी विचारलं नाही. आता लिहायला बसलोच आहे तर आधी तेच सांगून टाकतो. गंज, म्हणजे भरपूर, कंटाळा आला होता. भट्टीसमोर उभं राहून पोटाकडची बाजू भाजायची आणि पौष महिन्यात पाठ गारठायची. घरी गेलो की बायको गरम चहा पुढं ठेवायची आणि मी तो बशीत ओतून थंड होईपर्यंत बघत बसायचो.

पवनीहून थोडं पुढं, रस्त्याला लागून आमची उसन्या तांदळाची मिल होती. उसना ज्यांच्या घरी खात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. धान आधी गरम पाण्याच्या हौदात भिजवायचं, मग वाफेवर धरायचं, मग वाळवायचं आणि शेवटी भरडायचं. वाफ लागलेला दाणा टणक होतो, मिलमध्ये तुटत नाही. ही वाफ बॉयलरमधून येते. बॉयलर म्हणजे शेवटी झाकण घट्ट बसवलेला मोठा हंडाच. त्याच्याखाली जळतो त्याच धानाचा कोंडा. काचेच्या नळीत पाणी किती आहे ते बघायचं, दाबाचा काटा किती चढला ते बघायचं, कोंडा टाकायचा. पाणी कमी पडू द्यायचं नाही आणि आपल्याला झोप येऊ द्यायची नाही. माझ्या नोकरीचं सगळं शास्त्र यातच आलं.

पण जेवढी उष्णता आम्ही पेटवायचो तिच्यातली बरीचशी धानाला लागतच नसे. ती विटांच्या बोगद्यातून चिमणीकडं जायची आणि वर आभाळात. काही पाइपांतून गळायची, काही भिंतींत मुरायची. आणि आपल्याकडं एखादी गोष्ट वाया जाताना दिसली की माणसाला राहवत नाही. लगेच डोकं चालायला लागतं.

सगळ्यात जास्त डोकं आमच्या सेठचं चालायचं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला मोबाइलवर रोज नवीन काहीतरी दिसायचं. एकदा म्हणाला, वाफेवर वीज करू आणि मिलचं बिल बंद करू. एकदा म्हणाला, गोसीखुर्दचं धरण बघायला एवढे लोक येतात, त्यांना वाफेच्या खोलीत बसवू, शहरात याचे पैसे घेतात. मी म्हटलं, "सेठ, मी नोकरीला लागल्यापासून वाफेच्या खोलीतच बसून राहिलो. माझा रंग उजळला काय?" तो विचार त्यानं तिथंच सोडला.

एका निवृत्त गुरुजींचं म्हणणं होतं की पवनीच्या रस्त्याखालून वाफेचे पाइप न्यावे, म्हणजे वैनगंगेवरून सकाळी जे धुकं येतं ते फाटेल आणि पोरांच्या सायकली धडकणार नाहीत. गुरुजींना मी शांतपणे सांगितलं की वाफ रस्त्यावर आली तर धुकं कमी होणार नाही, दुप्पट होईल. ते रागावले आणि पुढं रस्त्यात भेटले तरी बोलत नसत.

नाटकवाले आले ते तर विचारूच नका. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगावी नाटकं लागतात. त्यांच्या नाटकात इंद्राचा दरबार होता आणि त्यांना ढग पाहिजे होते. मंडळाचा मॅनेजर रिकामं गॅस सिलिंडर सायकलला बांधून घेऊन आला.

"बायलरभाऊ, यात वाफ भरून द्या ना. सोमवारी सिलिंडर वापस करतो."

"अगा, गावात पोचेपर्यंत तिचं पाणी होईल."

"मंग झाकण घट्ट लावा ना जी."

झाकण घट्ट लावलं तर इंद्रासकट सगळा दरबार वर जाईल, हे त्याला पटवायला माझा अर्धा दिवस गेला. शेवटी त्यांनी धूपाचा धूर केला आणि इंद्र खोकत खोकत बोलला, असं ऐकलं.

धरणाच्या पाण्यात मासे धरणारा एक जण यायचा. त्यानं विचारलं होतं, "भाऊ, तुमच्या आगीपासून बर्फ नाही बनत काय? उन्हाळ्यात मासोया गाडी येण्याच्या आंधीच नरम पडून राहिल्या." मी ही गोष्ट गंमत म्हणून बॉयलर तपासायला आलेल्या साहेबांना सांगितली. साहेब हसले नाहीत. म्हणाले, असतं असं यंत्र, उष्णता देऊन थंडी काढतात. फक्त त्याची किंमत तुमच्या मिलपेक्षा जास्त आहे. मी तसं त्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बनते. मीच येडा नाही." आणि तेवढ्यावर खूश होऊन गेला.

असे सगळे. यातल्या एकाही कल्पनेचं काही झालं नाही. जिचं झालं ती मला कोणी समजावून सांगितली नव्हती. फक्त पेटी ठेवायला जागा विचारली होती.

पारबताबाई आमच्या मिलच्या अंगणावर धान वाळवायच्या कामाला होती. उकडलेलं धान पसरायचं आणि दिवसभर पायानं उलटत फिरायचं, हे काम. पाय चालवून चालवून तिचे गुडघे गेले होते. रोवणीच्या चिखलात वाकणं तिनं केव्हाच सोडलं होतं. मिल बंद पडणार अशी कुजबुज दोन वर्षांपासून होती, आणि मिल बंद पडली तर बाकीच्या बाया रोवणी-कापणीला जातील, आपण कुठं जायचं, हा घोर तिला लागला होता. तिला कोंबड्या पाळायच्या होत्या. बसल्या जागी होईल असं तेवढंच काम आहे म्हणायची. पण त्या साली मानमोडीचा रोग आला आणि गावातल्या कोंबड्या पटापट माना टाकून गेल्या. ज्या वाचल्या त्या अंडी देत होत्या, पण खुडूक होऊन बसेल अशी एक नव्हती. अंडी होती आणि उबवायला कोणी नव्हतं.

दिवाळीनंतर एक दिवस ती बॉयलरच्या खोलीत आली. "भाऊ, तुमच्या पाइपावर दुपारी गरम लागते ना. तिथं माही येक पेटी ठेवू काय?"

"कायची पेटी?"

"अंड्याइची. कोंबडीच्या पोटाखाली असते तेवढंच गरम पाह्यजे. तुमच्याजवळ तं इतकं हाये."

मी कंटाळलेला होतो. ठेव म्हटलं. तिनं लाकडी पेटीत कोंडा भरला, त्यात घरची बारा-पंधरा अंडी ठेवली आणि पेटी पाइपाला टेकवून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हौदाला वाफ सोडायची वेळ झाली. पाळीवर भट्टी सांभाळणाऱ्या फायरमननं रोजच्यासारखा व्हॉल्व्ह उघडला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं आणि मलाही आठवण राहिली नाही. धान उसनं झालं तशीच अंडीही उसनी झाली. दुपारी मिलमधल्या सगळ्यांनी मीठ लावून खाल्ली. पारबताबाईनं एक सोललं, अर्धं खाल्लं आणि म्हणाली, "चव बरी हाये. पण मले हे पाह्यजे नव्हतं." मग पदरानं तोंड पुसून अंगणात गेली. मला ते फार लागलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मग मीच जागा शोधली. बॉयलरला पाणी जातं ती टाकी एका कोपऱ्यात होती. तिथली भिंत दिवसरात्र एकसारखी कोमट असायची, वाफ चालू असो की नसो. मी भिंतीला हात लावून सांगितलं, इथं ठीक आहे. पारबताबाईनं माझा हात धरून उलटा केला आणि तळव्याकडं पाहिलं. इतकी वर्षं भट्टीचं लोखंडी दार उघडून माझे तळवे घोड्याच्या खुरासारखे झालेत. गरम भांडं चिमट्याशिवाय उचलतो, त्याचं घरी कौतुक व्हायचं.

"तुमचे हात मेले, भाऊ. याइले काय समजते? अंडं डोया मिटून डोयाले लावा. खुपलं तं जास्त झालं. थंड वाटलं तं कमी. काहीच नाही वाटलं तं बरोबर."

आयुष्यभर उष्णता सांभाळली आणि हे आता कळलं की मला उष्णता कळतच नाही. त्या दिवसापासून मी पापणीनं उष्णता मोजायला लागलो. पहिल्यांदा तीनच अंडी ठेवली. त्यातली दोन फुटली. ती दोन पिल्लं पदरात घेऊन पारबताबाई घरी गेली आणि गावात बातमी झाली.

आमच्याकडं बकरी, गाय बटईनं देतात. माझं जनावर तू सांभाळ, झालेलं पिल्लू अर्धं तुझं, अर्धं माझं. गावानं पारबताबाईला अंडी बटईनं दिली. कोणी चार, कोणी सहा. प्रत्येक घराची खूण कोळशानं अंड्यावर केलेली. कोणाची फुली, कोणाचं टिपकं, कोणाच्या दोन रेघा. साठेक अंडी झाली, दोन पेट्या भरल्या. आता ती तिची एकटीची अंडी नव्हती. फुटली नाहीत तर ज्या गावात उरलेलं आयुष्य काढायचं त्या गावापुढं तिचा शब्द जाणार होता.

पेट्या ठेवून दोन आठवडे झाले आणि सेठनं सगळ्यांना अंगणात बोलावलं. मोठ्या नव्या मिलांपुढं टिकत नाही, म्हणाला. हौदात भिजलेलं आहे तेवढं धान उकडून घ्या, त्यानंतर नवीन माल येणार नाही. सगळ्यांना माहीतच होतं. बायांनी हात धुतले आणि जाऊन झाडाखाली बसल्या. पारबताबाई मात्र सरळ टाकीच्या कोपऱ्यात आली. कोंबडीची अंडी एकवीस दिवसांनी फुटतात. आठवडाभर बाकी होता आणि माघातली थंडी अजून गेली नव्हती.

"कितीक दिवस राहील हे गरम?"

"आग काढली तर उद्यापर्यंत."

ती खाली बसली. गुडघे धरून बसली. "लोकाइनं भरोशावर देल्ले जी भाऊ. आता मी त्याइले काय सांगू?"

त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर झोपायचं ठरवलं होतं. दुसरा फायरमन त्याच संध्याकाळी हिशेब घेऊन गेला. बॉयलर पेटता असेल तर माणूस समोर पाहिजे, हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. म्हणजे मलाच राहावं लागणार होतं. मनात सेठला, कोंबड्यांना, पारबताबाईला, सगळ्यांना शिव्या दिल्या आणि घरून चादर मागवली.

धान संपलं तरी मी आग मंद ठेवली. काटा जेमतेम हलेल एवढी. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी चिमणीतून धूर निघताना पाहून सेठ आला.

"धान नाही तर वाफ कोणासाठी काढून राहिले?"

मी त्याला कोपऱ्यात नेलं आणि पेटीवरचं पोतं उचललं. त्यानं वाकून पाहिलं. मी म्हटलं, "एक अंडं डोळ्याला लावून बघा." तो शाकाहारी माणूस. आधी मागं सरला, मग चष्मा काढून डोळ्याला लावलं.

"काहीच वाटून नाही राहिलं," तो म्हणाला.

"मग बरोबर आहे."

त्यानं अंडं परत कोंड्यात ठेवलं. "उरलेला कोंडा मी विकलेला आहे. गाडी येऊन राहिली. तुम्हाला पाहिजे तेवढा बाजूला काढून ठेवा." जाता जाता दारात थांबला. "एवढ्या आयडिया केल्या मी. हे कोणी सांगितलंच नाही मला."

कोंडा होता, माणूस होता, सेठची परवानगीही होती. आणि बॉयलरनंच दगा दिला. चौथ्या दिवशी दुपारी आतून फुस्स असा आवाज आला, भट्टीत पाणी गळायला लागलं आणि आग विझली. बॉयलरच्या आतली जुनी नळी, म्हणजे ट्यूब, गेली होती. बंद पडणाऱ्या मिलमध्ये ट्यूब कोण बदलणार? मी पाणी सोडून दिलं, ओली राख ओढून काढली आणि दारासमोर बसलो. त्या वेळी मला खरोखर रडू आलं. बॉयलरसाठी की अंड्यांसाठी, ते सांगता येणार नाही. पारबताबाई समोर उभी होती. "आता काय?" एवढंच म्हणाली.

काय करायचं ते मला त्या क्षणी सुचलं, आणि सुचायला काही हुशारी लागली नाही. इतकी वर्षं त्या विटांना मी शेकत आलो होतो. त्या एका दिवसात थंड होणार नव्हत्या. भट्टीपासून चिमणीपर्यंत विटांचा बोगदा आहे, त्याला साफसफाईची लोखंडी दारं आहेत. भट्टीच्या तोंडाशी विटा अजून हात भाजेल अशा, मधे कमी आणि चिमणीकडं कोमट. मी चिमणीकडचं दार उघडलं आणि आत वाकून डोळे मिटून गाल विटेजवळ नेला. तिथं बरोबर होतं. कोंड्याची कोरडी राख ऊब धरून ठेवते, ती खाली पसरली, अंडी सुकू नयेत म्हणून ओलं पोतं कडेला ठेवलं आणि दोन्ही पेट्या आत सरकवल्या. चिमणीचं झाकण ओढून हवा बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या विटा गार पडत आल्या. मग पेट्या पुढच्या दारात नेल्या. संध्याकाळी आणखी पुढं. ऊब मागं सरत होती आणि आम्ही पेट्या घेऊन तिच्यामागं जात होतो. पारबताबाई अंडं डोळ्याला लावायची आणि मानेनं हो-नाही सांगायची. मी काजळीनं काळा झालो होतो. बायको डबा घेऊन आली, मला पाहून म्हणाली, "अजी, रिटायर झाले की भरती झाले?" आणि तिनंही एक अंडं उचलून डोळ्याला लावलं. शेवटी बोगद्यात दारच उरलं नाही. पेट्या भट्टीच्या तोंडात ठेवल्या, जिथं मी जन्मभर कोंडा फेकला होता नेमक्या तिथं. यानंतर पुढं न्यायला ऊब नव्हती. भट्टीचं दार लावलं आणि बाहेर बसून राहिलो.

एकविसाव्या दिवशी सकाळी सेठ भंगारवाल्याला घेऊन आला. त्याला बॉयलर दाखवायचा होता. भंगारवाला चारी बाजूंनी फिरला, हातातल्या हातोडीनं पत्रा ठोकून जाडी बघायला लागला. दोन-तीनदा ठोकलं आणि थांबला. कान लावला.

"सेठ, याच्या आत काय आहे?"

आम्ही सगळ्यांनी कान दिला. भट्टीच्या बंद दारामागून चिवचिव येत होती. आधी एक, मग खूप. पारबताबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सेठ भंगारवाल्याला म्हणाला, "जे आत आहे ते सौद्यात नाही. तुम्ही उद्या या."

मी दार उघडलं. त्या दारातून मी आगीशिवाय कधी काही पाहिलं नव्हतं. राखेनं माखलेली ओली पिल्लं एकमेकांवर चढून उजेडाकडं मान काढत होती. चाळीसच्या वर निघाली. काही अंडी फुटली नाहीत, ती थोडी जाणारच. मग गावात वाटणीचा गोंधळ झाला, कारण खुणा अंड्यांवर होत्या आणि पिल्लांवर काहीच नव्हतं. दोन रेघांवाला म्हणे माझं काळं, फुलीवाली म्हणे माझं. पारबताबाई ओट्यावर बसून म्हणाली, "भट्टीतूनच मिसळून आले बापा. ज्याले जे भेटलं ते घ्या." घेतलं सगळ्यांनी. तिच्या हिश्शाची आज मोठी झालीत, अंडी देतात, आणि ती आता घरूनच अंडी विकते.

तिनं एक पिल्लू माझ्या घरीही आणून सोडलं. मी नको म्हटलं. कोंडा सेठचा, अंडी गावची, माझं त्यात काय? ती ऐकेना. "ऊब तुमची होती. बटई तुमची बी लागते."

मिलच्या जागेवर आता मोकळं मैदान आहे. बॉयलर कापून नेला. मला वाटलं होतं, आता सकाळी उशिरापर्यंत झोपीन. त्या पिल्लाचा कोंबडा झाला आणि तो बरोबर माझ्या पहिल्या पाळीच्या वेळी आरवतो. झोप मोडते. बायको कूस बदलून म्हणते, "या रविवारी कापाच त्याले." मी हो म्हणतो आणि अंगणात येतो. तो टोपल्यावर बसलेला असतो. त्याच्या पोटाखाली हात घालतो, हाताला काही कळत नाही. मग उचलून डोळे मिटतो आणि पापणीशी धरतो. गरम असतो.